न ओतलेली चक्री

सागवानी चक्रीच्या तिसऱ्या पात्यावर पेन्सिलीची रेघ अजून दिसत होती — पुसट, अर्ध्यातच थांबलेली... सोर्णम्माळनं बोट तिच्याजवळ नेलं आणि मागं घेतलं. पंपाच्या पोटात फिरणाऱ्या चक्रीचा हा लाकडी साचा. आजारपणात उशीला टेकून, दम लागला की थांबत, तिच्या नवऱ्यानं, वेलुसामीनं, तो कोरला होता, आणि म्हणाला होता, "कुणाला दाखवू नकोस. अजून झालं नाही." मग तो गेला. दोन वर्षं ते 'अजून' तिच्या कपाटात साड्यांखाली राहिलं.

साचे ती स्वतःही करायची. पीळमेडू भागात बनणाऱ्या कितीतरी पंपांत तिच्या हातचं वळण फिरत होतं. पण हा साचा वेगळा. ह्याच्यावर पटाशीचा एकही घाव तिचा नव्हता. तिनं तो त्याच्या जुन्या धोतरात, वेष्टीत, गुंडाळला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढला... पुन्हा ठेवला.

मारप्पनच्या फाउंड्रीत पंप सुरू झालेला होता. मारप्पनचं ओतकाम, जेबाराजचं मोटारीचं वाइंडिंग, तिचे साचे — कमी दाबाच्या विजेवर चालेल असा पंप एकेकट्याच्यानं होईना म्हणून तिघांनी मिळून घाट घातला होता. चार वेळा मोटार तापली होती. पाचव्यांदा, आज, जेबाराजनं तिच्यावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

"डोसा घाला हिच्यावर," तो म्हणाला.

"तुझ्या तारेतच जीव नाही," मारप्पन.

"जीव आहे, अण्णा. तुमची चक्री पाणी ढकलते की इडलीचं पीठ दळते?" मग आवाज उतरवून, "मी थांबतो आता. माझी दुसरी कामं पडलीत."

चारही वेळा सोर्णम्माळ इथंच उभी होती, साड्यांखाली काय आहे ते ठाऊक असून. गप्प. लोभ नव्हता तो — मला फक्त त्याचं काहीतरी न संपलेलं हवं होतं, जे अजून होतंय असं म्हणता येईल... तिनं पिशवीतलं वेष्टीचं बोचकं सोडून साचा पुढं ठेवला.

मारप्पननं हात पुसले. "वेलूचा हात हा."

"हो."

"कधीचा?"

"दोन वर्षांचा."

तिला वाटलं, आता तो बोलेल. वाया गेलेल्या चक्र्या, वर्षभराचा घाम. तो साचा उजेडाकडे फिरवत राहिला. डोळे भरले होते की भट्टीची धग होती, कळेना. "मुळाशी जाड आहे गं सोर्णम. ओतताना पोकळी राहील." त्यानं कानस तिच्यापुढे धरली. "तू घास. मी लावणार नाही हात."

ती घासू लागली. भुसा पडत होता, त्यात ती रेघही गेली. तिकडं तिनं पाहिलं नाही.

"पातं एवढं झुकलेलं असेल तर मला वेढे बदलायला लागतील, अक्का," जेबाराज वाकून म्हणाला. जायचं तो विसरला होता. "वेलूअण्णांनी हे जुन्या मोटारीवर मांडलं असणार. असली मोटार त्यांनी पाहिलीच नव्हती."

म्हणजे वेलुसामीलाही ठाऊक नव्हतं. आणखी वर्षभर जगला असता तरी एकट्याला हे... तिला त्याची एकदम माया आली — त्या उशीची, त्या दमाची, त्याच्या नकळत चुकत गेलेल्या हिशेबाची.

"पुरे," मारप्पन म्हणाला. "उद्या ओतू."

"थांबा अण्णा. टोकाला अजून पातळ हवं."

"वेलूनं तिथं जाड ठेवलंय."

"ठेवलं असू दे. मी घासते," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

दुपारी घरी परतताना बोटं दुखत होती. उद्या हेही तापलं तर? तापलं तर चूक कुणाची, ते आता वेगळं काढता येणार नव्हतं. वळण कुठं त्याचं संपतं, कुठं तिचं लागतं, मारप्पनचं, जेबाराजचं... तिनं मनात ते पातं मुळापासून टोकापर्यंत चाचपून पाहिलं. सापडेना. रडू येईल असं वाटलं होतं; ते आलं नाही, आणि जे आलं त्याला काय म्हणावं हे न कळून ती चालत राहिली, जरा भरभर.