सोळाव्या मिनिटाचा सुळका

तेल यंत्रात सोडलं की त्यातलं एकेक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि कागदावर त्याचा सुळका उमटतो. चोर असो की साव, पाळी चुकत नाही. मुनिरानं हे विद्यापीठातल्या नव्या पोरांना दहादा शिकवलं होतं.

मिनिट ७.
लिनालूल. बारीकसा सुळका. असायलाच हवा. विश्वजीत सरांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "हं. पुढं."

मिनिट १०.
जिरॅनिऑल. सगळ्यांत उंच. रोशा गवताचा गुलाबासारखा वास याचाच. तश्तरीतल्या जंतूंमध्ये या तेलाची चकती ठेवली, तर तिच्याभोवती चौदा मिलिमीटरचं, एकही जंतू नसलेलं स्वच्छ रिंगण पडलं होतं. ते रिंगण खरं होतं. कुपी सांडायच्या आधीचं होतं.

मिनिट १२.
जिरॅनाईल ॲसिटेट. ठीक.

(यापुढं रेष बराच वेळ सपाट जाते. त्या सपाटीवर हे: तीन आठवड्यांपूर्वी कुपी मुनिराच्या हातून निसटली. निम्मं तेल ओट्यावर. गवताचा हंगाम सरलेला. ती खुलताबादला घरी गेली, अब्बांच्या अत्तराच्या दुकानातून रोशाचं तेल आणलं आणि गुपचूप कुपी भरली. अब्बांच्या भट्टीसमोरच ती लहानाची मोठी झाली होती. त्या तेलात खोट असेल, हे मनाला शिवलंही नाही.)

मिनिट १६.
"हे काय?"
थॅलेट. ना रंग, ना वास. अत्तर वाढवायला घालतात. गवतात ते उगवत नाही.
"प्लॅस्टिकमधूनही उतरतं हे," सर म्हणाले. "आपल्याला गवत देणाऱ्या त्या बाईनं ते कशात आणलं होतं?"
"खताच्या पोत्यात."
हे खोटं नव्हतं.
"संपलं. पुढच्या हंगामापासून तिचं गवत बंद. पेपरातल्या आभारांतून तिचं नाव काढ. बोलाव तिला."
जिन्यात उतरून मुनिरानं फोन लावला. "अब्बा, अपना रोशे का तेल असली है ना?"
"असलीच है बेटा," दाऊदमियाँ हसले. "गिऱ्हाईक को पुरता उतना असली."

मिनिट १६, अजून तेच.
दोन दिवसांनी सारजाबाई दौलताबादहून आली. काखेत तेच पोतं, घडी घातलेलं.
"तीनदा धुतलं व्हतं, साहेब. उन्हात वाळवलं. पोरीला इचारा की."
मुनिरा फरशीकडं बघत होती.
सरांनी कुपी पुढं केली. सारजाबाईनं ती नाकाशी धरली. उभा जन्म तिनं डोंगरावर हेच गवत कापलं होतं, आणि त्यातलं निम्मं दाऊदमियाँच्या लाकडाच्या भट्टीवर जायचं, मुनिरा तिथं रांगत होती तेव्हापासून.
"लई बेस," ती म्हणाली. पुन्हा हुंगलं. "पर ह्यात धूर हाय जरासा."
धूर! इथं तर तेल काढायला काचेच्या नळ्या आणि विजेची शेगडी.
सारजाबाईनं मान वर केली. मुनिराकडं बघितलं. बघतच राहिली. मग कुपी अलगद टेबलावर ठेवली.
"माझंच पोतं असंल, साहेब. म्हातारपणी धुणं नीट व्हत नाय."
मुनिराच्या कानशिलांना आग लागली. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.
"पोत्याचं नाही, सर."
"मग?"
"कुपी सांडली होती. मी भरली. दुकानातलं तेल..."
"कुणाच्या दुकानातलं?"
"गप गं!" सारजाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "बापाचं नाव घेतीस व्हय?"
"अब्बांच्या."
सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पेपर गेला, कळतंय ना? वर्षभराचं काम."
"हो सर."
"यांचं गवत चालू राहील. बाकीचं उद्या बोलू."
ते गेले. मुनिरानं कुपी उचलली. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात होतं: रोशा, दौलताबाद, सारजाबाई. तिनं खाली लिहिलं. जागा पुरेना, म्हणून उरलेलं कडेला, उभं.
सारजाबाईला वाचता येत नव्हतं. ती जवळ आली.
"काय लिव्हलंस, माय?"
मुनिराला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. "निम्मं तेल खुलताबाद, दाऊद अत्तार. मिसळणारी, मुनिरा."
"आन् पोतं?"
"पोतं स्वच्छ," मुनिरा म्हणाली, आणि तेही लिहिलं.