ठसक्याचं गाणं

माझा नवरा एकेकाळी रॅपर होता, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मी समजत होते की नवनीत म्हणजे पंचायत समितीत फायली सरकवणारा, कोरीटच्या शेतात दादर ज्वारी पेरणारा, मोजकं बोलणारा माणूस. दादरीच्या कणसांवर राघू बसू नयेत म्हणून शेतात दोऱ्यांना चमचमत्या सीड्या टांगल्या होत्या. त्यातली एक सहज उलटी करून पाहिली, तर तिच्यावर ह्यांचाच फोटो. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी आणि मागे वाळत घातलेल्या मिरच्यांचं लालभडक मैदान. खाली नाव: 'पथारी'. नवनीत आणि तौफिक.

मी पोट धरून हसले. ह्यांनी दोन दिवस तोंड पाडलं.

"खपल्या नहीत म्हनीसन लटकाडेल शेत," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात त्या अल्बमचा निकाल लागलेला होता: पडला. आणि तो पाडला कुणी, तर तौफिकने. तौफिक म्हणजे ह्यांचा कॉलेजातला जीवलग. नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या मैदानांजवळ, म्हणजे पथाऱ्यांजवळ, त्याचं घर. तिथल्याच एका खोलीत त्याच्या कॉम्प्युटरवर दोघांनी आठ गाणी रेकॉर्ड केली, अहिराणीत. पहिल्याच गाण्यात हे मोठ्या जोशात म्हणतात, 'लाल लाल पथारी, लाल मन्हं गाव, डोयामां पानी, कोनं लेऊ नाव', आणि तिथे क्षणभर थांबतात. नेमक्या त्या थांब्यात कुणीतरी ठसठशीत खोकतं. खॉक, खॉक, खॉक. ह्यांनी तौफिकला सांगितलं होतं, तो ठसका काढ. त्याने काढला नाही. सीडी तशीच निघाली, आणि गावभर पोरं ह्यांना बघून खोकायला लागली. बस स्टँडवर खोकायची, चहाच्या टपरीवर खोकायची. शेवटी ह्यांनी चारचौघांत तौफिकला सुनावलं, "तुन्हा ठसकानी मन्हं वाटोळं करं." त्या दिवसापासून पंधरा वर्षं दोघांचा अबोला.

हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. मग मागच्या महिन्यात चेतना आली.

चेतना कॉलेजात शिकते आणि खानदेशी गाण्यांवर एक चॅनल चालवते. आल्या आल्या तिने स्टँडवर मोबाइल लावला आणि ह्यांना विचारलं, "सर, 'पथारी' आज अहिराणी रॅपचा क्लासिक मानतात. पण तो निघाला, तेव्हा लोकांना आवडला होता का?"

"नाही," हे म्हणाले. फायलीवर शेरा मारावा तसं.

"पण मी ज्यांना ज्यांना विचारलं ते म्हणतात, तेव्हा घरोघरी वाजायचं."

"घरोघरी वाजायचं, तर सीड्या माझ्या शेतात कशा?"

चेतना हसली. म्हणाली, "सर, तेव्हा सीडी कोण घेत होतं? लोक मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे. तौफिकसर तेच काम करायचे. जो येईल त्याच्या कार्डात आधी 'पथारी' टाकायचे. त्यांनीच मला सांगितलं."

ह्यांच्या हातातला चहा हातातच राहिला. मला एकदम माझी वरात आठवली. शहाद्याकडचं माझं माहेर. डीजेवर एक गाणं लागलं, त्याला आम्ही 'ठसकानं गानं' म्हणायचो. गाण्यात मध्येच डीजेवाल्याने स्वतःचं नाव ओरडून घातलेलं, त्यामुळे गाणारा कोण हे कुणाला ठाऊक असणार? थांबा आला की सगळी वरात हात वर करून एकदम खोकायची. माझे भाऊही खोकले. आणि नवरदेव घोड्यावरून उतरून डीजेवाल्याच्या अंगावर धावून गेला! मला वाटलं, माणूस तापट दिसतो, माझं कसं होणार. सीडी सापडल्यावर कळलं, ते गाणं ह्यांचंच, आणि माझे भाऊ टर उडवतात असं ह्यांना वाटलं होतं.

"आहो, मन्हा भाऊसले कोठे म्हाईत व्हतं ते गानं तुम्हनं शे?" मी चेतनासमोरच म्हटलं. "म्हाईतच नही तं टर कसी उडावतीन?"

"कोनीतरी सांगं व्हई," हे पुटपुटले. पण आवाजात दम नव्हता.

चेतनाने तेवढ्यात मोबाइल माझ्याकडे वळवला. "काकू, तुम्ही नाचलात ना त्या गाण्यावर? मग ते आवडायचं म्हणून खोकायचात, की हसू यायचं म्हणून?"

खरं सांगू? आवडायचंही, हसूही यायचं. नाचताना माणूस ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढत बसतो का?

चेतना गेली, पण आमच्या घरात भुंगा सोडून गेली. दोघांनी मिळून नंदुरबारला स्टेजवर यावं, एवढं एक गाणं करावं, असं तिचं म्हणणं होतं. तौफिकभाई तयार होते. हे अडून बसले. मला कारण दिसत होतं. गाणं पडलं म्हणून मित्र तोडला होता. आता गाणं पडलंच नव्हतं असं ठरलं, तर मित्र कशापायी तोडला? ह्या प्रश्नाला हे घाबरले होते.

मग ह्यांनी चौकशी सुरू केली. ऑफिसात फुलसिंग म्हणून सहकारी आहेत, सातपुड्यातल्या मोलगीचे. त्यांनी सांगितलं, "अरे, मोलगीच्या बाजाराला येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये तेच लागायचं." हे खुलले. मग फुलसिंग म्हणाले, "शब्द आम्हाला कुठे कळत होते! आमची बोली वेगळी. ठसका मात्र कळायचा. टपावर बसलेले लोकही खोकायचे." हे पुन्हा पडले. घरी येऊन म्हणाले, "चालना तो ठसका चालना, मी नही चालना."

दुसऱ्या दिवशी एका मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, फार गाजलं होतं. बाकीच्या सात गाण्यांतलं एक तरी सांगा म्हटलं, तर मास्तर आभाळाकडे बघायला लागले. तिसऱ्याने सांगितलं, असं काही गाणं नव्हतंच, तुम्हाला भास झाला असेल. चालणं म्हणजे नक्की काय, हेच मला कळेनासं झालं. लोकांच्या तोंडी असणं? नाव माहीत असणं? की आपल्या मनासारखं आवडणं? हे ताटावर बसून घास हातात धरून राहायचे. माझं डोकं फिरलं.

"हाई मानसेसले काय इचारतस?" मी म्हटलं. "ज्यानी गानं करं त्याले इचारा. चला तौफिकभाईकडे."

"तो मन्हासंगे बोलाव नही."

"मंग मी बोलसू. चला."

त्याच रविवारी गेलो. पथाऱ्यांवरून जाताना पदर नाकाला लावावा लागला, मिरची अशी झोंबत होती. तौफिकभाईंचं दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. खातूनबी, त्यांच्या अम्मी. जन्मभर पथारीवर मिरचीची देठं खुडायला गेलेल्या. ह्यांना बघून त्यांनी डोळे बारीक केले, "कोन, नवनीत?" म्हणाल्या, आणि त्यांना ठसका लागला.

खॉक, खॉक, खॉक.

काय सांगू! माझे हात आपोआप वर गेले. तोच ठसका. पहिला जाड, दुसरा आखूड, तिसरा उडी मारणारा. ज्यावर मी वरातीत नाचले, ज्यावर जीपच्या टपावरची माणसं खोकली, तो ह्या बाईच्या छातीतला ठसका. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उंबऱ्याबाहेर खांबासारखे उभे.

आतून तौफिकभाई आले. केस पांढरे झालेले, चष्मा कपाळावर. ते ह्यांच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "भाभी, त्या दिनले अम्मी काम वरथून उनी, दरवाजामां ह्याना मांगे उभी राहीसन आयकी ऱ्हायनी व्हती. खोकला उना. नंतर मी आयकं, तं बराबर ताल वर पडेल. हाऊ म्हने, काढ. मी मन्ही मायले गानामातून कसा काढू?"

"तू मले सांगं काब्र नही?" हे म्हणाले. "मले वाटनं तूच खोकना!"

आता तौफिकभाई ह्यांच्याकडे वळले. "तू चारचौघामां म्हने, ह्या ठसकानी वाटोळं करं. मंग काय सांगू? का मन्ही मायनी तुन्हं वाटोळं करं?"

ह्यांचे डोळे भरून आले. मिरचीने नव्हे. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, दोघांचाही. एवढे शब्द जुळवणारे दोन बाप्ये, पण एक वाक्य बोलायला पंधरा वर्षं लागली.

खातूनबींना आमच्या चेहऱ्यांचं काही कळेना. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी सहज विचारलं, "बेटा, वो गाना चला था क्या? पथारीपे सब औरतां मेरेको देखके खांसती थीं. मैं समझी, मेरा मजाक उडाते."

म्हणजे ह्या गावात त्या खोकण्याने शरमिंदा झालेला माणूस एकटा माझा नवरा नव्हता!

ह्यांनी गुडघ्यावरचा तो हात धरला. मग म्हणाले, "चला था खाला. लई चला था. तुम्हना ठसका वरच चालनं."

"सच?" त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "मग सुना ना!"

तौफिकभाईंनी काही न बोलता मोबाइलवर ताल लावला. ह्यांनी घसा खाकरला. आधी आवाज चिरकला, मग लागला. 'लाल लाल पथारी, लाल मन्हं गाव, डोयामां पानी, कोनं लेऊ नाव', आणि थांबले. आम्ही सगळे खातूनबींकडे बघायला लागलो. त्या लाजून नुसत्या हसत होत्या. दिवसभर खोकणाऱ्या बाईला नेमका तेव्हा ठसका येईना. थांबा लांबत चालला.

तेव्हा माझा नवरा, जो ह्या खोकण्यापायी घोड्यावरून उतरला होता, तो त्यांच्याकडे बघून स्वतःच खोकला. खॉक, खॉक, खॉक.

तौफिकभाईंनी ताल थांबवला. चष्मा डोळ्यांवर ओढला.

"तिसरा कच्चा शे," ते म्हणाले. "पह्यलेपाईन ले."