स्पीकरला लावलेली कणीक

माझा नवरा सुदेश भजनात पखवाज वाजवतो आणि चांगला वाजवतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणाला वाटायचं की ह्या भक्तीला, म्हणजे मला, नवऱ्याचं काही कौतुकच नाही. कौतुक आहे. पण पखवाज्याने सिनेमाचे स्पीकर निवडायला एकट्याने जाऊ नये, हेही माझं ठाम मत आहे.

आमच्या मिठबावातून थिएटर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. यंदा हापूस बरा लागला, टीव्ही मोठा आलाच होता, तेव्हा आता आवाजही थिएटरसारखा हवा असं सुदेशच्या डोक्यात बसलं. मी हो म्हटलं, पण एका अटीवर. जे काही घरात येईल, त्यातलं बोलणं आयेला कळलं पाहिजे.

आये म्हणजे माझी सासू, यशोदा. हल्ली तिला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते घातलं की भांडी, कावळे आणि पंखा सगळे एकदम कानात शिरतात, म्हणून ते डबीतच असतं. समोर बसून बोललं तर तोंडाकडे बघून तिला सगळं समजतं. टीव्हीतली माणसं मात्र तिच्याकडे तोंड करून थोडीच बोलतात! एकेकाळी दशावतार संपेपर्यंत जागची न हलणारी ही बाई. आता आम्ही सिनेमा लावला की "माका झोप येता" म्हणून पडवीत जायची. आणि झोपायची नाही, नुसती बसायची. एकदा मी बाहेर गेले तर विचारते, "आता सगळी हसलात ती कित्याक गो?" मी सांगितलं. ती हसली, पण एकटीच हसली.

हे सगळं मी सुदेशला सांगितलं.

"मगे काय? आवाज मोठो केलो काय झाला," तो म्हणाला.

"मोठो नको. स्पष्ट होयो."

पण ऐकतो कोण? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच आठवड्यात तो बाबलीबुवांना घेऊन बांद्याला गेला. बाबलीबुवा म्हणजे त्याच्या भजन मंडळाचे गाणारे. त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीचं तिकडे एक हॉटेल बंद झालं होतं. येताना टेम्पोत धान्याच्या कोठीएवढा एक काळा डबा होता. तो म्हणे बेसचा स्पीकर, जुना पण दमदार.

"पखवाजाची डावी बाजू बरी लागली काय भजन आपसूक उभा रवता," सुदेश मला समजावू लागला. "तसाच ह्या. धूम बरो होयो, बाकीचा आपोआप जमता." बाबलीबुवांनी मान डोलावली. भजनात ते खरंही असेल.

तो डबा टीव्हीला जोडला आणि मारामारीचा सिनेमा लावला. पहिल्याच ठोशाला कौलांवरची धूळ माझ्या डाळीत पडली आणि खळ्यातल्या कोंबड्या परसात पळाल्या. पडवीतून आये आत आली. "खंय सुरुंग लावल्यानी रे?"

"बघ!" सुदेशला कोण आनंद. "आयेक ऐकाक इला!"

"सुरुंग ऐकाक इलो. बोलणा खंय?" मी म्हटलं. आये माझ्या तोंडाकडे, मग त्याच्या तोंडाकडे बघून परत पडवीत गेली.

तो डबा नुसता घुमायचा हे शेवटी त्यालाही पटलं. पण पटल्यावर माणूस काय करील? दुकानात जाऊन विचारील. माझ्या नवऱ्याने काय केलं, तर माझी कणीक घेतली. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा लावतात, त्याने आवाज खाली बसतो आणि गोल येतो. मी मासे घेऊन बाजारातून आले तर हा मांडी घालून त्या डब्यापुढे बसलेला, स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्यावर माझी चपात्यांची कणीक थापलेली, आणि हा बोटाने टिचकी मारून कान लावतोय. शेजारी बाबलीबुवा पेटीवर सूर धरून!

"आता बघ कसो बोलता तो," सुदेश म्हणाला.

बोलला थोडा वेळ. मग फर्र केलं आणि गप्प झाला. सकाळी दारापासून त्या डब्यापर्यंत मुंग्यांची रांग, आणि वाळलेल्या कणकेने कागदाचा पडदा मधोमध फाटलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. मी बोलत असतानाच आये आली. तिने डबा पाहिला, कणीक पाहिली, मुंग्या पाहिल्या आणि खांबाला धरून हसत सुटली. "रे मेल्या, चार चपात्यो झाल्यो असत्यो! त्या डब्याक कित्याक जेवक घातलंस?" तिला तसं पोटभर हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला. पण स्पीकरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले काही गेले ते गेलेच. आता जे घ्यायचं ते उरलेल्यात, आणि चुकायला जागा नव्हती.

म्हणून कारभार मी हातात घेतला. कणकवलीला पायस नावाच्या ओळखीतल्या माणसाचं टीव्ही-स्पीकरचं दुकान आहे, तिथे जायचं ठरवलं आणि आयेलाही बरोबर घेतलं. ती तयार नव्हती. "माका काय कळता त्यातला?" म्हणाली. मी म्हटलं, तुकाच कळूक होया.

पायसने आमचा आकडा ऐकला आणि दोन गोष्टी पुढे ठेवल्या. पहिली, एकाच खोक्यात पाच छोटे स्पीकर आणि बेसचा डबा, सगळं तयार. दुसरी, एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर, त्याला पाच स्पीकर जोडता येतात पण आत्ता घ्यायचे तीनच: डावा, उजवा आणि टीव्हीखाली आडवा ठेवायचा मधला.

"सिनेमातलं बोलणं बहुतेक ह्या मधल्यातून येतं," पायस म्हणाला. "आणि हवा तर ह्या एकट्याचाच आवाज वाढवता येतो. मागचे दोन आणि बेस पुढच्या वर्षी जोडा."

सुदेशचा चेहरा पडला. "म्हणजे धूम नाय?"

"पुढच्या आंब्याक," मी म्हटलं.

पायसने आधी खोक्यातला संच लावला, त्यावर कसलीशी लढाई. सुदेशचे डोळे चमकले. मी म्हटलं, लढाई नको, माणसं बोलताना दाखव. मग त्याने एक मालवणी विनोदी नाटक लावलं. दोन शेजारणी गप्पा मारत होत्या. आये खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

"बरा आसा," ती म्हणाली.

दुसरा संच अजून सुरूही झाला नव्हता तर म्हणते, "ह्याय बरा आसा. स्वस्त असात ता घेवा."

इथेच खरी गोची होती. मुलाचे पैसे वाचावेत म्हणून आये कशालाही बरं म्हणणार. शिवाय पडद्यावरचे चेहरे आणि हातवारे बघून ती अंदाज बांधत होती. मी पायसला म्हटलं, चित्र बंद कर. तो माझ्याकडे बघतच राहिला. "सिनेमासाठी घ्यायला आलात ना, वहिनी?"

"तू बंद कर रे."

पहिला संच. काळा पडदा, नुसत्या शेजारणी. आये पंख्याकडे बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत हसऱ्या चेहऱ्याने बसून होती. देवळात कीर्तन लांबलं की बसते तशी. मला जे कळायचं ते कळलं.

मग दुसरा. पायसने मधल्या स्पीकरचा आवाज थोडा चढवला. एक शेजारीण दुसरीला माशाच्या तिखट कालवणाची कृती सांगत होती, बांगड्याचा तिकला मी कसा करतंय. तिरफळं, मिरची, कोकम. आयेचं बोट पदरात थांबलं. मान पुढे आली. मी सुदेशचा हात घट्ट धरला.

"आणि मगे मी तेच्यात वायच साखर घालतंय," स्पीकरमधली बाई म्हणाली.

आये खुर्चीतून उठलीच. "साखर? बांगड्याक?" ती थेट पायसवर. "कोण ती? खंयची?"

"मावशी, तां नाटक आसा," पायस दोन पावलं मागे सरला.

"नाटक असांदे! बांगड्याक साखर घालतली बाई घोवान घरात कित्याक ठेवची?" मग माझ्याकडे वळून, "ऐकलंस मां गो तू?"

"ऐकलंय, आये." एवढंच माझ्या तोंडून निघालं. सुदेश फळीवरच्या खोक्याकडे तोंड करून वॅट वाचत असल्याचं नाटक करत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. मग वळून त्यानेच सांगितलं, "पायसभाऊ, होच दी. धूमाचा मी मंडळात भागवतंय."

त्या क्षणी तो मला इतका आवडला, की कणीक, मुंग्या, सगळं माफ.

आमच्याकडे घरात नवीन वस्तू आली की देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय ती सुरू होत नाही. संध्याकाळी बाबलीबुवा नारळ घेऊन आले, अ‍ॅम्प्लिफायरपुढे ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लेकरांनी हौसेन वस्तू हाडली हा. तिका मुंगी लागाक देव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आणि सुदेशाच्या हाताक परत कणीक लागाक देव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आयेचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग सिनेमा लावला. आयेने पडवीतली आपली खुर्ची आत आणायला लावली, टीव्हीसमोर, अगदी मधोमध. मी तिच्या शेजारी बसले. आता मला सिनेमा बघताना बडबडायची सवय आहे. हा कोण, ती आता काय करील, असं माझं चालूच असतं. सुदेश कंटाळतो, पण बोलत नाही. त्या दिवशी तर आनंदाने माझ्या तोंडाला खळच नव्हता. गोष्ट रंगात आली, नायिकेचा बाप तिला काहीतरी हळूच सांगू लागला, आणि मी नेमकं विचारलं, "आये, तुका काय वाटता, हो बापूस खरा सांगता?"

आयेने पडद्यावरची नजर न हलवता माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"वायच वगी रव गो! माका ऐकाक येता."

सासूने गप्प बस म्हटलं की उलट बोलल्याशिवाय मी राहत नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. पण मी गप्प बसले. ओढणी तोंडावर धरून थोडं रडूनही घेतलं, अगदी आवाज न करता, कारण तो बाप अजून बोलत होता आणि आयेला ते ऐकायचं होतं.