उजवीकडे, आयव्हर

"मी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

बारा वर्षं आयव्हर गिलँडर्स ही दोन वाक्यं गावोगाव सांगत हिंडला. चौकशीत सांगितली, पुस्तकात छापली, व्याख्यानात पडद्यावर फोटो दाखवून सांगितली. दुसऱ्या वाक्याआधी दर वेळी थांबून घोटभर पाणी प्यायचा, नाटक्या. न ऐकणारा तो म्हणजे माझा धाकटा भाऊ लॅकी. ऐन एप्रिलात, धुक्यात, आयव्हरबरोबर असताना बेन ग्रुअम डोंगराच्या माथ्यावरून कड्याखाली गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आयव्हरचं म्हणणं असं, की लॅकी स्वतःचा दिशेचा कंपास घेऊन हट्टानं पुढे निघाला. आता ऐका. लॅकीचा कंपास त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होता, चमच्यांशेजारी. विसरून गेला होता वेंधळा. मी तो चौकशीत नेऊन टेबलावर आपटला. तर म्हणे, दुसरा असेल त्याच्याकडे. आयव्हर नावाजलेला वाटाड्या, मी कोण? कॉन्स्टेबल बीटननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अगं एफी, हट्टीच होता गं तो." मग लॅकी ज्या बचाव पथकात होता त्यांनी आपल्या खोलीतून त्याचा फोटो उतरवला. नव्या पोरांसमोर असला नमुना नको, म्हणे. तेव्हापासून तो फोटो माझ्या कपाटात आहे आणि त्याचा कंपास माझ्या गळ्यात.

आणि ह्या शनिवारी आयव्हरचं व्याख्यान कुठे? तर आमच्याच गावात! दुकानाच्या खिडकीत जाहिरात लागली होती. मी पाव आणायला गेले आणि पाव न घेताच परत आले.

हिवाळाभर रोज सकाळी डोंगरावर जायचं, बर्फ खणून थर बघायचे, काठी खुपसून खोली मोजायची आणि खाली येऊन दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहायचं, हे माझं काम. एप्रिल सगळ्यात लबाड महिना. खाली कोकरं उड्या मारत असतात, शहरातली माणसं अर्ध्या चड्ड्या घालून येतात, आणि वर जानेवारी अजून ठाण मांडून बसलेला असतो. कड्याच्या काठावरून बाहेर लोंबणारा बर्फाचा छज्जा दिवसा उन्हानं भिजतो, रात्री गोठतो आणि आतून कुजत जातो. वरून बघाल तर जमीनच वाटेल. बुधवारी मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, 'माथ्यावरचे छज्जे कुजलेत. काठापासून लांब राहा.'

गुरुवारी अकराच्या सुमारास मी माथ्यावर होते, तेवढ्यात ढग उतरला. खाली पांढरं, वर पांढरं, स्वतःचे बूट तेवढे नीट दिसत होते. अशा वेळी आमच्याकडे बर्फाचा गोळा करून पुढे फेकतात. गोळा पडलेला दिसला तर पुढे जमीन आहे. दिसेनासा झाला तर जागच्या जागी थांबायचं. आमच्या खोऱ्यातली शाळकरी पोरंसुद्धा एवढं जाणतात. तशीच गोळे फेकत चालले होते, तर एक गोळा कुणाच्या तरी पाठीवर फुटला.

"कोण आहे? इकडे, इकडे!"

आयव्हर. पिशवीवर बसलेला, दाढीला बर्फ चिकटलेलं.

"मी एफी."

"लॅकीची एफी?"

"मग दुसरी कुठली?"

शनिवारच्या व्याख्यानासाठी लॅकी पडला त्या जागेचा नवा फोटो काढायला आला होता. थंडीनं फोन मेला आणि कंपास होता त्या फोनमध्येच.

"वा रे वाटाड्या," मी म्हणाले. "फळा वाचलास का खाली?"

"तुझाच ना तो फळा? म्हटलं, मला घाबरवायला लिहिलं असशील." तो कसनुसं हसला. "एफी, मला खाली घेऊन चल. कड्याच्या किती जवळ आहे तेसुद्धा कळेना झालंय."

"चल की. पद्धत तुला ठाऊकच आहे. एकानं पुढे चालायचं, दुसऱ्यानं मागे कंपास धरून डावीकडे-उजवीकडे सांगायचं. तू पुढे हो."

त्याचा चेहरा उतरला. "आधी दोर बांधूया ना?"

"लॅकीला बांधला होतास?"

मी गळ्यातला कंपास काढून त्याच्यासमोर धरला. मागच्या बाजूला लॅकीनं खिळ्यानं कोरलेलं नाव होतं. आयव्हरनं ते वाचलं.

"त्या दिवशी कंपास कुणाच्या हातात होता, आयव्हर?"

"एफी, आत्ता इथे..."

"आत्ता, इथेच. नाहीतर बस पिशवीवर. मला काय घाई आहे?"

वारा वाढला. तो बुटांकडे बघत बोलला. "माझ्या. बर्फात रोवायची कुऱ्हाड त्याच हातात धरली होती, लोखंडानं सुई फिरली. मी त्याला डावीकडे म्हणालो. तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, नक्की. आणि गेला गं तो."

बारा वर्षं ज्या शब्दांसाठी मी तडफडले ते हे. वाटलं होतं, ऐकून मोकळी होईन. कसली मोकळी! अंगाचा नुसता भडका उडाला. चूक मी माफ केली असती, देवाशपथ केली असती. सुई कुणाचीही फिरते. पण हा माणूस माझ्या मेलेल्या भावाला बारा वर्षं हट्टी ठरवून टाळ्या घेत फिरला.

"शनिवारी सगळ्यांसमोर हेच बोलशील?"

"बोलेन," तो झटकन म्हणाला. "नक्की बोलेन. फक्त खाली पोचू दे."

दुकानदार 'उद्या नक्की' म्हणतो ना, तसं म्हणाला.

"चल तर," मी म्हणाले.

तो निघाला. पंधरा पावलांवर त्याची नुसती सावली उरली. कंपास मी छातीशी सपाट धरला होता. कुऱ्हाड पाठीला, लोखंड लांब. सुई स्थिर होती. कडा डावीकडे होता.

"उजवीकडे," मी ओरडले.

तो थांबला, त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. तोंड दिसलं नाही, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख कळलं. सगळं कबूल करून बसला होता. आता ही बाई मला मारणार. उजवीकडे म्हणतेय म्हणजे कडा उजवीकडेच असणार.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की. उजवीकडे, आयव्हर."

तो डावीकडे वळला. त्यानं पुढे एक गोळा फेकला असता तरी कळलं असतं. फेकला नाही. मी तिसऱ्यांदा सांगू शकले असते. 'थांब' एवढं ओरडायलाही वेळ होता. मी तोंड मिटून घेतलं. धप्प असा एक आवाज झाला, ओल्या गादीवर बसल्यासारखा, आणि सावली नव्हती.

मी गोळे फेकत पुढे गेले. तिसरा गोळा दिसेनासा झाला. तिथे थांबले, आणि खरं सांगते, रडले नाही.

संध्याकाळी बीटन माझ्या स्वयंपाकघरात वही उघडून बसला. आता म्हातारा झालाय, निवृत्तीला आलाय. चहा त्याच्यापुढे तसाच निवत होता.

"कंपास कुणाकडे होता, एफी?"

"माझ्याकडे. लॅकीचा."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"उजवीकडे. दोनदा सांगितलं." मी पाण्याचा पेला उचलला, घोटभर प्यायले. "मी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

बीटनची पेन्सिल थांबली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग टेबलावरच्या कंपासाकडे. मग खाकरून, खालच्या मानेनं त्यानं विचारलं, "दोर... दोर होता का तुझ्याजवळ?"

मी पिशवी उघडली आणि दोराची गुंडाळी त्याच्यापुढे ठेवली. कोरडी ठणठणीत, एक गाठही न सुटलेली.

"होता," मी म्हणाले. "लिही. आणि मला एक सांग बीटन, बारा वर्षांपूर्वी हे त्याला विचारायला काय झालं होतं तुला?"