चांगदेवाच्या अंगणातली अरुंधती

मी अरुंधती. उत्तरेच्या आभाळातल्या सप्तर्षींना आणे पठारावरची माणसं बाजलं, म्हणजे खाट, म्हणतात: चार खूर आणि मागे ओळीनं तीन चोर. त्यांतला मधला चोर म्हणजे माझा वसिष्ठ. एवढ्या मोठ्या ऋषीला चोर ठरवलेलं पाहून मला हसू येतं. त्याला अगदी लागून जो बारीक ठिपका दिसतो, ती मी.

खरं तर आम्ही दोघंच नाही. वसिष्ठ म्हणजे चार तारे आणि मी म्हणजे दोन, असं आमचं सहा जणांचं एकत्र कुटुंब आहे. खाली मात्र आमची ओळख नवरा-बायको अशीच. म्हणून लग्नात नवरीला मला दाखवायची रीत पडली. पण लग्नं लागतात भर दुपारी! भटजी मांडवाच्या कापडाकडे बोट करून विचारतात, दिसली का? घामानं निथळणारी नवरी मान हलवते आणि सगळे जेवायला उठतात.

सारजाबाईनंही अशीच मान हलवली होती. पण अग्नीसमोर खोटं बोलल्याची तिला चुटपुट लागली. सासूकडून खुणा विचारून तिनं त्याच संध्याकाळी मला शोधून काढलं आणि नव्या नवऱ्याला, चांगदेवाला, हौसेनं दाखवलं. तेव्हापासून उन्हाळ्यात जेवणं झाली की दोघं अंगणात बसत. ती म्हणायची, दिसली. तो म्हणायचा, मलाबी. अशी किती वर्षं गेली. त्या अंगणात पोचणारा माझा उजेड त्या दोघांच्या जन्माआधीच निघालेला असायचा.

मग १९९८ चा चैत्र आला. सारजाबाई बराच वेळ मान वर करून उभी राहिली आणि मुकाट्यानं आत गेली. मी जागच्या जागी होते, पण तिला दिसले नाही.

अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं, म्हणून हे माझ्या नावावर चिकटवलं? सारजाबाईचा मात्र त्यावर पक्का विश्वास होता.

तिची नात स्नेहल नुकतीच बारावीच्या परीक्षेतून सुटली होती. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं. सारजाबाईनं एकाएकी तिच्या लग्नाचा ध्यास घेतला. आईबाप म्हातारीच्या शब्दाबाहेर नव्हते. पारगावचं स्थळ आलं, कांदेपोहे झाले, मुलगी पसंत पडली. पाहुणे गेल्यावर दिवेलागणीला स्नेहलनं रडत रडत आजीला विचारलं, माझं काय चुकलं?

"तुजं काय बी न्हाई चुकलं," सारजाबाई म्हणाली. "मला अरुंधती दिसंना झाली, पोरी. दिवाळी काय मी बघत न्हाई. तुज्या डोक्यावर अक्षता पडल्याल्या तेवढ्या बघू दे."

खाटेवर पडलेला चांगदेव उठून बसला.

"मला तर ती कदीच दिसली न्हाई," तो म्हणाला.

"कदीच म्हंजी?"

"लगीन झाल्यापासनं. लांबचं बारीक मला दिसत न्हाई. तू एवढ्या हौसंनं दाखवायचीस, न्हाई कसं म्हणू? अन् मी हाय की अजून."

सारजाबाई आधी चिडली. मग पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. इतकी वर्षं मीही फसले होते. तो माझ्याकडे बघतो असं मला वाटायचं. तो बघत होता तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी पारगावला नकाराचा निरोप गेला. जूनमध्ये निकाल लागला आणि स्नेहलची ट्रंक एसटीच्या टपावर चढली. दिवाळी आली, सारजाबाईनं स्वतःच्या हातानं करंज्या तळल्या. सुट्टीवर आलेल्या स्नेहलनं तिला नारायणगावला नेऊन डोळे दाखवले. मोतीबिंदू निघाला. थंडीत ऑपरेशन झालं.

पुढच्या चैत्रात जेवणं झाल्यावर सारजाबाई नवा चष्मा लावून अंगणात आली. तिनं वर पाहिलं आणि तिला मी दिसले. मला किती बरं वाटलं, काय सांगू!

"दिसती का?" चांगदेवानं विचारलं.

"दिसती."

"कशी हाय गं?"

सारजाबाईनं चष्मा सारखा करून पुन्हा वर पाहिलं. मग म्हणाली, "बारकी हाय. पन त्याच्याजवळच हाय. सोडून न्हाई गेली."

तर भर दुपारच्या मांडवात मान हलवलेल्या बायाबापड्यांनो, सवड काढून एखाद्या संध्याकाळी बाहेर या. मी इथंच आहे. आणि नाहीच दिसले, तर घाबरू नका. चांगदेव अजून आहे.