आईच्या मुठीतली पुडी

काळाचौकीच्या आमच्या चाळीच्या पटांगणात त्या मंगळवारी जेवढी माणसं जमली, तेवढी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेलाही जमली नव्हती. मधोमध पाटावर माझी आई, कमलाबाई. समोर दगडूबुवा.

वर्षभर आईच्या अंगाची अचानक लाही होई, लुगडं घामानं भिजे, डोळ्याला डोळा लागत नसे. एवढ्यातेवढ्यावरून ती रडे, लगेच भांडी आपटी. बाबांनी ठरवून टाकलं, ही बाहेरची बाधा. मी शाळामास्तर, सभा गाजवणारा. मी काय केलं? "आई, जरा शांत बस ना," एवढंच म्हणत राहिलो.

"बोल भुता, जळतोस की जातोस?" बुवा गरजले. त्यांनी आईच्या मुठीत कापडाची पुडी दिली, वर तीर्थ शिंपडलं. थोड्या वेळानं आई किंचाळली. पुडीतून वाफ निघत होती. बायकांनी हात जोडले.

"बघा, आतली आग बाहेर पडली! पण भूत हट्टी हाय. बाईला वर्षभर आमच्या कोकणातल्या मठात कोंडून ठेवा." उद्याच्या कोकणबोटीचं तिकीट बाबांच्या खिशात होतंच.

"बुवा, ती पुडी माझ्या हातात द्या," मी म्हणालो.

"नास्तिकाच्या हातात विझंल ती!"

चौघांनी मला मागे खेचलं. गर्दीपुढे माझं काही चालेना.

तेवढ्यात शेजारच्या नलूताईंनी, त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या, बुवांच्या झोळीतली दुसरी पुडी उचलली, धुण्याच्या दगडावर ठेवली आणि वर तांब्या ओतला. पुडी फसफसली, वाफाळली.

"काय हो बुवा, धोंड्यालाही भूत लागलं?"

चाळीतल्या राजारामनं काडीनं पुडी उलगडली. "आयला, हा तर कळीचा चुना!"

दर गणपतीआधी भिंती सफेद करायला हाच चुना आम्ही पिंपात विरवतो. पाणी पडताच तो रटरटतो, ते अख्खी चाळ बघते. कापडात बांधून मंत्र म्हटला, तर एकालाही ओळखता आला नाही. बुवा झोळी टाकून पळाले. हशा पिकला.

आई हसली नाही. तिचा तळहात भाजला होता. तो धुता धुता नलूताई म्हणाल्या, "पाळी जाताना होतं असं. मिसरी, चहा कमी करा. संध्याकाळी मोकळ्यावर चाला. आणि मास्तर, घरात कुणीतरी यांच्याशी बोला."

"बुवा लबाड, समजलं मला," आई म्हणाली. "पण माझी आग खरी हाय रे. त्यानं निदान विचारलान, बाय, कुठं जळतं? तुमी कोणी विचारलात?"

बाबांनी तिकीट फाडलं. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाचकहो, चमत्कार दिसला की प्रश्न विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न घरातल्या बाईला विचारा. आम्ही तो विचारला नाही, म्हणून बुवाला आमच्या पटांगणात जागा मिळाली.