मालक समोर हवा

माझ्या सायकलला माझ्याच मुलानं कुलूप घातलं, हे एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण ते कुलूप त्यानं दुसऱ्याच्या दुकानातून आणलं. आई आयुष्यभर किल्ल्या घासतेय, लोकांची कुलपं उघडून देतेय, आणि हा पठ्ठ्या बाजारातून जाडजूड साखळीचं कुलूप घेऊन येतो. म्हणे सगळ्यात मजबूत. बाहेरून गुबगुबीत आणि आत काही दम नाही, हे मी लांबूनच ओळखलं.

झालं असं की मी पडले. वळणावर वाळू होती, चाक घसरलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, डॉक्टरीणबाईंनी सायकलला परवानगीही दिली. शर्यतीला महिना उरला होता. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकलवर दिवस काढायचा आणि उरलेला जीव घेऊन रात्रीपर्यंत पळायचं, तेही ठरलेल्या वेळेत. चोपन्नाव्या वर्षी मी हे डोक्यात घेतलं तेव्हा सगळे हसले. हसू देत. पण मी पडल्यावर त्यांचं हसणं थांबलं आणि मला अक्कल शिकवणं सुरू झालं.

"आई, तुझं वय काय, तू करतेस काय," मुलगा म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहील. शर्यत होऊन गेली की देतो."

सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, कुलूप कुणाला घालताय?" त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

चहाला उकळी येईपर्यंत मी ते उघडलं असतं. पण हात लावला नाही. ह्यांनी मला धंदा शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मालक समोर असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. हे गेल्यावर दुकान मी एकटीनं चालवलं, पण तो नियम मोडला नाही. सायकल माझी असली तरी कुलूप त्याचं होतं. चार दिवस नुसती पोहले, पळाले आणि येता-जाता जिन्याखाली उभ्या सायकलकडे बघून दातओठ खात राहिले. असंच चाललं असतं तर शर्यतीत सायकलवरच माझी वेळ संपली असती.

रविवारी सकाळी मी सायकल साखळीसकट उचलली, हाड मोडलं होतं त्याच खांद्यावर घेतली आणि वर हॉलमध्ये आणून उभी केली. हत्यारांची पेटी उघडली.

"या मालक," मी मुलाला म्हणाले. "समोर बसा."

"आई, तमाशा नको."

"तमाशा कसला? धंद्याचा नियम आहे."

तो खुर्चीत बसला. टीव्हीपुढची ही खुर्ची ह्यांची. आता तो तिच्यात ताट घेऊन बसतो.

मी दोन बारीक सळया कुलपात सरकवल्या. "तुला वाटतं मी मरेन," मी म्हणाले.

"हो, वाटतं," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा घरात आधी मी आलो होतो. परत तसं दार मला उघडायचं नाही."

मी गप्प बसले असते तर सायकल परत जिन्याखाली गेली असती.

"तुझे बाबा सायकलवरून पडून नाही गेले," मी म्हणाले. "डॉक्टर चाला, चाला म्हणून थकले. हे उठले नाहीत. तू बसलायस ना, त्याच खुर्चीत गेले. तिला का नाही घातलंस कुलूप?"

कुलूप उघडलं. तो कधी उठून उभा राहिला मला कळलंच नाही. मी साखळी ओढून काढली, खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत आडवी घेतली आणि कुलूप दाबलं.

"किल्ली ठेव तुझ्याकडेच," म्हटलं आणि सायकल घेऊन निघाले.

टेकडीचा रस्ता धरला. खांदा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं, आणि पुढची टेकडीही चढले.

दुपारी परत आले तर खुर्चीवर साखळी तशीच होती. किल्ली त्याच्या खिशात असून मुलगा ताट घेऊन जमिनीवर बसला होता. सून माझ्याकडे बघत नव्हती, नाहीतर हसली असती.

"उद्या किती वाजता निघणार?" त्यानं ताटातून मान वर न करता विचारलं.

"पाचला."

"मी स्कूटरवर येतो."

"ये," मी म्हणाले. "पण माझ्या मागे राहायचं."